अश्दोदला कुणाकडे उतरायचं

विमानतळावर दोघंही मला घ्यायला आले होते आणि दोघंही एकमेकांना ओळख देत नव्हते. कठड्याच्या एका टोकाला हनोखमामा, दुसऱ्या टोकाला दीनामावशी, आणि मधे फुलं-फुगे घेतलेली भलतीच माणसं. मी सामानाची ढकलगाडी घेऊन बाहेर आले आणि दोघांनी एकदमच हात वर केला.

सख्खी भावंडं ही. माझ्या आईचा थोरला भाऊ आणि धाकटी बहीण. दोघंही तरुणपणी पेणहून उठून इस्रायलला आलेली, दोघंही अश्दोदला, समुद्रकाठच्या त्या एकाच बंदराच्या गावात. एक बस पकडली की एकाच्या घरून दुसऱ्याच्या घरी. पण ती बस मामानं उभ्या आयुष्यात पकडली नव्हती.

"मिलका! अगं इकडे!" मामा ओरडला.

मावशी ओरडली नाही. ती नुसती हसली आणि जागची हलली नाही. मी आधी कुणाच्या पाया पडते ते बघत राहिली.

आता काय करायचं? निघताना आईनं बजावलं होतं, "उतर हनोखकडे. दीनाला भेट, सोलोमन गेलाय तिचा, गळ्यात पडून रड, हवं तर दिवसभर बस तिच्याकडे. पण मुक्काम नको. आणि पाणीसुद्धा घरून नेलेलं पी."

"आई, तुझी पाठची बहीण ना ती?"

"म्हणूनच सांगते," आई म्हणाली. आमच्या आईचं तर्कशास्त्र हे असं.

कारण सांगायचीसुद्धा लाज वाटते. आम्ही बेने इस्रायल, मराठी बोलणारे ज्यू. कोकणात पूर्वी आमच्यातही दोन भाग होते, गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. कातडीच्या रंगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. माझा सोलोमनकाका, मावशीचा नवरा, माझ्यापेक्षा चांगला उजळ होता. कुणा पणजोबानं कधीकाळी बाहेरची बायको केलेली असली की त्याच्या पुढच्या साऱ्या पिढ्या काळ्या. त्यांच्यात मुलगी द्यायची नाही, त्यांच्या घरी जेवायचं नाही. माझ्या वयाच्या पोरांनी हे धड ऐकलंही नव्हतं, पण आमच्या आजोळी ते हाडीमाशी मुरलेलं. मावशीनं सोलोमनकाकाशी लग्न केलं आणि मामानं सांगून टाकलं, यापुढे तुझ्या घरचं मला वर्ज्य. मग सगळे इकडे आले, देश बदलला, भाषा बदलली, लुगड्यांचे झगे झाले. वर्ज्य तेवढं वर्ज्यच राहिलं. मी आले त्याच उन्हाळ्यात सोलोमनकाका वारला, तेव्हा मामा मातीलाही गेला नाही.

मी ढकलगाडी मधोमध उभी केली. अगदी मधोमध. मामा एका बाजूनं आला, मावशी दुसऱ्या बाजूनं. मावशीनंच माझी सुटका केली.

"दादाकडेच जा तू," माझ्या गालावरून हात फिरवत ती म्हणाली. "ताईनं तसंच सांगितलं असणार. मला काय तिचा स्वभाव माहीत नाही? पण दारफाळणीला माझ्याकडे राहा गं. यंदा एकटीनं दार लावायचं फार जिवावर येतंय."

मामा खाली वाकून गाडीचं चाक बघत होता. चाकाला काहीही झालेलं नव्हतं.

दारफाळणी म्हणजे आमचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. तो चार दिवसांवर आला होता. संध्याकाळी दार लावायचं, पांढरे कपडे घालायचे, दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आणि दार लागायच्या आत, ज्याचं ज्याचं वाईट केलं त्याची माफी मागून मोकळं व्हायचं. माणसाशी केलेली चूक देव परस्पर माफ करत नाही, असं आम्हांला लहानपणापासून शिकवतात. त्या दिवशी सगळा देश थांबतो, रस्त्यावर एक गाडी नसते. दार लागताना तुम्ही ज्या घरात असाल, तिथेच.

"बघू," मी म्हटलं. मावशीला ते पुरलं नाही, ते तिच्या तोंडावर दिसलंच. 

मामाचं घर बंदराजवळच्या जुन्या वस्तीत, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून क्रेनच्या माना दिसायच्या. मामा तिथेच क्रेनवर होता, निवृत्त होईपर्यंत. मामी जाऊन बरीच वर्षं झालेली. स्वयंपाकाच्या नावानं आनंदी आनंद. उकडलेले बटाटे, ब्रेड, आणि डबाबंद काहीतरी, ज्याच्यावर माशाचं चित्र होतं म्हणून मी त्याला मासा म्हणायचे. माझ्यासाठी नवीन गादी आणली होती, नवी चादर, न्हाणीघरात नवा साबण. मी आईनं दिलेले पोह्याचे पापड आणि आमसुलं बाहेर काढली. दोन सारखे वाटे केले.

"दुसरा वाटा?" मामानं विचारलं.

"मावशीचा."

"हां. बरोबर." मग वाट्यांकडे बघत, "तिला आमसूल जास्त लागतं. तिच्या वाट्यात टाक थोडी."

मला नवल वाटलं. पण म्हातारी माणसं काहीतरी बोलतात, मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मी मावशीकडे गेले. तिनं दार उघडलं आणि गळ्यात पडून मीच जास्त रडले. घर लख्ख. भिंतीवर सोलोमनकाकाचा बंदराच्या हिरव्या डगल्यातला फोटो, तोंडभर हसू. मूलबाळ नव्हतं त्यांना. मावशीनं चहा ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "पाण्याची बाटली आणलीयस पिशवीत. इथून दिसतेय. तुझा दोष नाही गं, ताईची शिकवण आहे. चहा नको असेल तर मी रागावणार नाही."

असं कुणी म्हटल्यावर मेल्याहून मेल्यासारखं होतं की नाही? मी बाटली काढली, मोरीत ओतून दिली आणि चहा घेतला. दोनदा घेतला. मग जेवलेही. मी येणार म्हणून तिनं वाल आधीच भिजत घातले होते, मोड आणून एकेक सोलून बिरडं केलं होतं. मी चाटून-पुसून खाल्लं. मावशी जेवता जेवता थांबून बघत होती. माझा रिकामा कप तिनं उगाचच ओट्यावर राहू दिला, धुवायला घेतलाच नाही.

"मातीला कोण कोण होतं, मावशी?" मी विचारलं.

"मी होते. शेजारीण होती. बाकी पुरणाऱ्या संस्थेची माणसं." ती ताट उचलत म्हणाली. "कद्दिश म्हणायला दहा पुरुष लागतात ना? नाही पुरे झाले. बाजूच्या कुणाच्या तरी मातीला आलेली माणसं हात जोडून बोलावून आणली. सोलोमनचं नावसुद्धा त्यांना विचारावं लागलं."

कद्दिश ही मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना. दहा पुरुषांशिवाय ती होत नाही. 

घरी आले तर मामा दारातच. मी चपला काढायच्या आत सुरू.

"जेवलीस तिकडे?"

"जेवले. आता घरात घ्यायचं नसेल तर जिन्यात झोपते."

"तसं नाही गं. काय होतं जेवायला?"

"बिरडं."

"सोललेल्या वालांचं? की सालासकट?"

"सोललेल्या."

"आमसूल घातलं होतं?"

"घातलं होतं."

"आणि नारळाचं दूध? शेवटी घालते की आधीच?"

माझं डोकंच फिरलं. "मामा, तुला विटाळ मोजायचाय का? किती वाटी खाल्लं ते पण सांगू? तीन वाट्या! आता मला अंगणात बसवून गोमूत्र शिंपड, बामणांसारखं!"

मामा खिडकीकडे वळला. क्रेनकडे बघत हळू म्हणाला, "वरून लसणीची फोडणी देते ना अजून?"

"अजून म्हणजे?" मी म्हटलं, आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी हललं. "मामा. तिच्या हातचं तू शेवटचं कधी खाल्लंस?"

तो क्रेनवरून नजर काढेना. मी जाऊन समोर उभी राहिले. मास्तरीण आहे मी, मुकी पोरं बोलती करायचा मला सराव आहे.

"सोलोमन जायच्या आदल्या आठवड्यात," मामा म्हणाला.

मी खुर्चीवर बसलेच.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मामा आणि सोलोमनकाका एकाच पाळीला होते, एकाच धक्क्यावर. पहिल्या वर्षी मामा डबा उघडायचा आणि त्यात ब्रेड. बाजूला सोलोमनचा डबा उघडायचा आणि धक्काभर वास. एके दिवशी सोलोमननं काही न बोलता झाकणात कालवण ओतलं आणि मामाकडे सरकवलं. मामानं खाल्लं. दुसऱ्या दिवशीही खाल्लं. मग वर्षानुवर्षं. निवृत्त झाल्यावर सोलोमन गळ टाकायला म्हणून बंदराच्या भिंतीवर जायचा, तोही डबा घेऊन, आणि मामा आधीच जाऊन बसलेला असायचा.

"आणि मावशीला?"

"तो सांगायचा, क्रेनवर भूक फार लागते. ती भरून द्यायची."

"आणि तू तिच्या घरी पाऊल नाही टाकलंस."

"रीत काय आहे? त्यांच्या घरचं खायचं नाही. बंदरात घर कुठे होतं? ना उंबरठा, ना चूल. असं मी मला समजावत आलो." मामा हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. "सोलोमन चिडवायचा. म्हणायचा, हनोख, तू माझ्या बायकोचा सगळ्यात जुना जेवणारा आहेस."

"मग मातीला का नाही गेलास?" माझा आवाज चढला होता. "मामा, दहा माणसं पुरी झाली नाहीत तिथे! रस्त्यावरची आणली!"

"मला काय ठाऊक?" मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला वाटलं आपली सगळी येतील. मी गेलो असतो तर मला रडू आवरलं नसतं. मग लोकांनी विचारलं असतं, हनोख, तू का एवढा रडतोस? काय सांगणार होतो? त्या दिवशी मी भिंतीवर जाऊन बसलो. जेवायच्या वेळेपर्यंत बसलो. लाज वाटते मला, मिलका. मला घास जात नाही. तू बघतेस ना, बटाटे खातो मी."

एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा नाक पुसत होता. मला त्याची कीव आली आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं, दोन्ही एकाच वेळी.

"तू दारफाळणीला तिच्याकडेच राहा," तो म्हणाला. "आणि माझ्या वतीनं माफी माग. एवढं कर माझं. डब्याचं मात्र बोलू नको. शप्पथ घे माझी."

"वा रे वा! चूक तुझी आणि तोंड माझं?"

पण शप्पथ घेतली. आणि गेलेही दुसऱ्या दिवशी. मावशी पांढऱ्या पातळाला इस्त्री करत होती. मी पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, मामाला फार वाईट वाटतंय, तो माफी मागतोय, दार लागायच्या आत माफ कर. म्हणताना तिच्याकडे बघवत नव्हतं. तिचं मीठ खाऊन मी तिच्यापासून काहीतरी लपवत होते, आणि ते तिचंच होतं.

मावशीनं इस्त्री उभी केली. "माझी माफी? माझं काय केलं त्यानं? माझ्याकडे जेवला नाही, त्याचं नुकसान. ज्याची मागायची तो वाळूत निजलाय. त्याची मागायची रीत काय आहे ते दादाला नीट माहीत आहे. मोठा धर्म पाळणारा ना तो?"

"काय रीत?"

"मेलेल्याची माफी मागायची तर दहा माणसं घेऊन त्याच्या कबरीवर जायचं. सगळ्यांसमोर म्हणायचं, मी देवाचा गुन्हेगार आहे आणि ह्या माणसाचा, अमुक अमुक मी केलं. मग त्या दहांनी तीनदा म्हणायचं, माफ आहे." ती परत इस्त्री फिरवू लागली. "दारफाळणीच्या सकाळी मी कबरीवर जाणारच आहे. त्याला सांग. त्या दिवशी दहा नव्हते. आता आणतो का बघू."

मी जाऊन मामाला सांगितलं. तो पांढरा पडला.

"दहा? कुणाला नेऊ? आपल्याच लोकांना?"

"मग काय, परत परक्यांना?"

"आमच्या सिनेगॉगातली सगळी जुनी माणसं आहेत. पेणची, रोह्याची, नागावची. त्यांच्यासमोर मी म्हणू, मी काळ्यांच्या घरचं खाल्लं? आयुष्यभर मीच त्यांना अक्कल शिकवत आलो. नाही. नाही जमायचं."

"मग मी आत्ताच मावशीकडे चालले," मी म्हटलं. "नंतर नाही, आत्ता. मुक्कामाला."

मी पिशव्या भरल्या. नवी चादर घडी करून ठेवली, तर मामानं ती माझ्या पिशवीत कोंबली. "तुझ्यासाठी घेतलीय," म्हणाला. बसथांब्यापर्यंत सामान घेऊन आला. बस आली, मी चढले, आणि मागच्या काचेतून बघितलं तर तो तिथेच, हात खिशात घालून. आईचा हुकूम मोडला होता त्याचं काही वाटलं नाही. पण त्या म्हाताऱ्याला सणाच्या तोंडावर एकटा टाकून चालले, ते आतडं तोडत होतं.

दारफाळणीच्या सकाळी आम्ही दोघी कबरस्तानात गेलो. शहराबाहेर, उघड्यावर, सगळी वाळू. दुपारनंतर बस बंद होणार म्हणून गर्दी होती. मावशी सोलोमनकाकाच्या कबरीशी बसली, दगडावरची धूळ पदरानं पुसली. मी सारखी फाटकाकडे बघत होते.

"मान मोडेल तुझी," मावशी म्हणाली. "नाही यायचा तो. चाळीस वर्षं बघतेय मी. माझा दादा हत्ती उचलेल, पण चारचौघांत मान खाली घालणार नाही."

"थांबू या ना थोडं."

थोडं म्हणता म्हणता ऊन चढलं. आजूबाजूची माणसं पांगली. मावशी गुडघ्यावर हात ठेवून उठली, आणि तेवढ्यात फाटकाशी एक जुनाट व्हॅन येऊन थांबली. तिच्यातून म्हातारे उतरायला लागले. एकेक करत, एकमेकांना हात देत, कुरकुरत. शेवटी मामा उतरला.

पुढे एझ्राकाका होता. मामाच्या शेजारचा, दम्याचा रुग्ण, बंदरातलाच. "पहाटेपासून दारं ठोठावत सुटलाय हा," तो धापा टाकत म्हणाला. "कशाला ते सांगत नाही. चला म्हणतो. कुणाच्या..." आणि दगडावरचं नाव वाचून तो एक पाऊल मागे सरला.  चारदोन जणांनी टोप्या सारख्या केल्या.

मामा कबरीसमोर उभा राहिला. मावशीकडे त्यानं बघितलं नाही. मग सुरुवात केली. 

"मी हनोख. मी देवाचा गुन्हेगार आहे आणि ह्या सोलोमनचा. ह्याच्या घरचं मला वर्ज्य असं मी चारचौघांत सांगितलं. आणि बंदरात ह्याच्या डब्यातलं अन्न खाल्लं. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं. तो मेला त्याच्या आदल्या आठवड्यापर्यंत. मग त्याच्या मातीला आलो नाही." तो थांबला. "तुम्ही तीनदा म्हणायचंय, माफ आहे."

मावशीनं माझं मनगट धरलं होतं. तिची बोटं रुतली. तिला हे ठाऊक नव्हतं, अजिबात नव्हतं, तिच्या तोंडावर मी बघितलं.

माफ आहे असं कुणी म्हणेना. सगळे वाळूत बघत उभे. मला वाटलं झालं, मामाची भीती खरी ठरली, आता हे म्हातारे तोंड फिरवून निघून जाणार.

"म्हणा की," मामा म्हणाला.

"मी कसा म्हणू?" एझ्राकाका घोगऱ्या आवाजात बोलला. "हनोख, मी पण खाल्लंय. तू जेवायच्या सुट्टीत खायचास, मी पाळी सुटताना. तो म्हणायचा, घे रे, दीनानं जास्तच भरलंय."

मागून कुणीतरी खाकरलं. "शुक्रवारचा शिरा मी खायचो."

"कोलंबीला आपल्यात बंदी, म्हणून त्याऐवजी दीना जे काय करायची ते मी..." आणखी एक जण पुटपुटला.

दहातले निम्म्याहून जास्त जण खाणारे निघाले. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच चोर. प्रत्येकानं गावाला सांगितलं होतं, आम्ही पाळतो. आणि मातीच्या दिवशी प्रत्येकानं विचार केला होता, बाकीचे जातील.

मावशीनं माझं मनगट सोडलं. ती पुढे झाली. मी तिला एवढ्या रागात कधी पाहिलं नव्हतं, आणि तिचा आवाज मात्र अगदी खाली होता.

"म्हणजे एवढ्या जणांना मी पुरवत होते. पहाटे उठून. तो म्हणायचा मला भूक लागते, आणि मी म्हणायचे, मेल्या, अंगाला कसं लागत नाही तुझ्या!" तिनं एकेकाकडे बघितलं. "खायला एवढे होतात. आणि माझ्या माणसाचं नाव घ्यायला दहा मिळाले नाहीत. मी भीक मागितली परक्यांपुढे. पदर पसरला."

मामा मटकन खाली बसला. वाळूतच.

"मी नाही म्हणायची माफ," मावशी म्हणाली. "तो असता तर म्हणाला असता जाऊ दे गं. तो तसलाच होता. मी नाही तसली. आता आलाच आहात दहा, तर निदान कद्दिश म्हणा. त्याचं नाव माहीत आहे ना सगळ्यांना?"

त्यांनी कद्दिश म्हटलं. दम लागलेले, थरथरते आवाज, कुणी पुढे कुणी मागे. एझ्राकाका तर उघडउघड हुंदके देत होता. मामा खाली बसूनच म्हणत होता. मी आणि मावशी बाजूला उभ्या होतो. प्रार्थना संपली तसे ते एकेक करून मावशीसमोरून गेले.

मामा राहिला शेवटी. मी त्याला हात देऊन उठवलं. कपडे झटकले.

"मिलका कुठे राहतेय आज?" त्यानं मलाच विचारलं, जणू मावशी तिथे नव्हतीच.

"माझ्याकडे," मावशी म्हणाली. आणि निघता निघता, मागे न बघता, "तू पण ये. घरी जेवून ये पोटभर. दार लागल्यावर माझ्याकडे खायला-प्यायला काही नसतं. तेव्हा तुझा धर्म बुडायचा नाही."

मामाच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. मलाही लागलं ते. पण तिनं बोलावलं होतं, तेही खरं.

दिवस कलला. रस्त्यावरच्या गाड्या एकेक करून थांबल्या, शेवटची बस गेली. मी खिडकीत उभी. मावशी पांढरं पातळ नेसून बसली होती आणि खिडकीकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा रस्त्याच्या टोकाला पांढऱ्या कपड्यातला मामा दिसला. चालत आला होता, बंदरापासून सबंध गाव ओलांडून, पायात कापडी बूट, दारफाळणीला चामडं चालत नाही. उंबरठ्याशी थबकला. मावशी दारातून बाजूला सरली. तो आत आला आणि तिनं त्याच्यामागे दार लावलं.

रात्र आणि दुसरा दिवस आम्ही तिघं एका घरात होतो. सकाळी सोलोमनकाकाच्या सिनेगॉगात गेलो, मामा अगदी मागच्या बाकावर बसला. घरी आल्यावर तो फोटोखालच्या खुर्चीवर बसून राहिला. बहीण-भाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. एकदा मावशीनं पंखा त्याच्याकडे वळवला, तेवढंच.

संध्याकाळी चांदण्या दिसल्या. मावशीनं दार उघडलं. मामा उठला, टोपी सारखी केली, दाराकडे निघाला.

"कुठे चाललास?" मावशी स्वयंपाकघरातून म्हणाली. "हात धू."

 मामा मोरीकडे गेला. किती वेळ हात धूत होता, देव जाणे.

मावशीनं आदल्या दिवशी करून ठेवलेलं बोईट माशाचं कालवण गरम केलं. तीन ताटं मांडली, मला वाढलं, मामाला वाढलं आणि आपलं ताट रिकामं ठेवून त्याच्या समोर बसली, हनुवटीला हात लावून.

"तू घे ना," मामा म्हणाला. चाळीस वर्षांत त्यानं तिच्याशी बोललेला पहिला शब्द तो.

"घेईन. आधी बघू दे. एवढी वर्षं आंधळ्यासारखी रांधत होते. एकाला तरी खाताना बघू दे."

मामानं भात कालवला. घास तोंडात घातला.  तो तसाच चावत राहिला, गालांवरून पाणी ताटात पडत होतं आणि ते तो पुसत नव्हता. मावशी त्याच्या तोंडाकडे बघत होती, एकटक. माझ्याच्यानं बघवेना, मी मान खाली घातली.

"सावकाश खा, दादा," ती म्हणाली. "काटे फार आहेत."